पाठीमागून उजाडणारा किनारा

हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या-पायऱ्यांनी थेट समुद्रापाशी उतरते. खाली पोचल्यावर समोर पसरलेला काळा कातळ दिसतो, लाटांनी वर्षानुवर्षं तासून सपाट केलेला, मध्येमध्ये रांजणखळगे पडलेला. मागे उभ्या कड्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रं. दिवसा इथे पर्यटकांची वर्दळ असते, संध्याकाळी मावळतीचे फोटो काढणाऱ्यांची. पहाटे मात्र जवळजवळ कुणीच नसतं. कोकणात फोटो काढायचे ते सूर्यास्ताचे, सकाळी सूर्य डोंगरामागून येतो, मग समुद्रावर बघण्यासारखं काय असणार, असा समज पक्का बसलेला आहे.

हा समज बाजूला ठेवायला हवा. कातळाचा किनारा, शांत पाणी आणि मिनिटभर उघडं राहणारं शटर या तिघांचं जितकं चांगलं कोकणातल्या पहाटे जमतं, तितकं इथे दिवसाच्या दुसऱ्या कुठल्याही वेळी जमत नाही. त्यामागची कारणं समजून घेतली, तर कॅमेरा कुठे आणि केव्हा लावायचा हे आपोआप ठरत जातं.

पहिलं कारण प्रकाशाची दिशा. लाँग एक्स्पोजर शिकवणारी बरीचशी पुस्तकं आणि व्हिडिओ सूर्य समुद्रातून उगवतो किंवा समुद्रात बुडतो असं धरून चालतात. मग समोरचं आकाश भगभगीत, पुढचा खडक काळाकुट्ट, आणि दोन्ही एका चौकटीत बसवण्यासाठी अर्धा काळा, अर्धा पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर पहाटे हीच अडचण येते. पश्चिम किनाऱ्यावर पहाटे सूर्य पाठीशी असतो. समोरचं आकाश मऊ आणि एकसारखं उजळत जातं, समुद्र तोच उजेड परत करतो, आणि आकाश नि कातळ यांच्यातला फरक कॅमेऱ्याला सहज पेलतो. ग्रॅज्युएटेड फिल्टरवाचून काम भागतं.

त्यात समोर एक देखणा प्रकारही घडत असतो. सूर्योदयाच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी पश्चिमेच्या क्षितिजावर निळसर करड्या रंगाचा एक पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी रंगाची झाक. खालचा करडा पट्टा म्हणजे वातावरणावर पडलेली खुद्द पृथ्वीची सावली. वरच्या गुलाबी भागाला खगोलप्रेमी शुक्राचा पट्टा म्हणतात, शुक्र ग्रहाशी त्याचा संबंध नाही. सूर्य जसजसा वर येतो तसतशी ही सावली क्षितिजाकडे खचत जाते आणि सूर्योदयाच्या आसपास समुद्रात विरून जाते. मिनिटभराच्या एक्स्पोजरमध्ये गुळगुळीत झालेल्या पाण्यावर हा गुलाबी रंग जसा उतरतो, तसा लाटांनी चुरगळलेल्या पाण्यावर उतरत नाही.

दुसरं कारण वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असतात. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा, रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात कोकणात पहाटेचा मतलई वारा स्पष्ट जाणवतो. तो किनाऱ्याकडून समुद्रात वाहत असल्यामुळे काठाजवळचं पाणी दबून राहतं, बारीक लाटा उठत नाहीत. दुपारी वारा फिरला की तोच समुद्र खवळलेला दिसतो. शांत पाणी हवं असेल तर हिवाळ्यातली पहाट गाठावी.

तिसरं कारण भरती-ओहोटी. इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण कातळी किनाऱ्यावरचं चित्र शेवटी पाण्याची पातळीच ठरवते. एकाच जागी ओहोटीला अर्धा फर्लांग कातळ उघडा पडतो आणि भरतीला त्यातले दोन-चार सुळकेच पाण्याबाहेर उरतात.

भरतीची वेळ काढायला कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, म्हणून पावणेचारच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सहा तासांच्या आसपास ओहोटी, आणि दोन भरत्यांमध्ये सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं. म्हणून वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. हिशेब ढोबळ आहे, आणि भरतीची लाट पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्यामुळे गोव्यात भरती मुंबईच्या आधी येते. निघण्यापूर्वी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघावंच. पण महिनाभर आधी बेत आखायला कालनिर्णय आणि पाऊणपट एवढं पुरतं.

आता याच हिशेबातून एक सुंदर योग निघतो. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या पुढेमागे, म्हणजे ओहोटी पहाटे पाचच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येच्या भरत्या उधाणाच्या असतात, त्यामुळे त्या दिवशी पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही उतरतं. या पहाटे भरपूर कातळ उघडा पडतो. आणि पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असल्यामुळे सूर्योदयाच्या सुमारासच पश्चिमेला, समुद्रावर मावळतो. पृथ्वीची सावली, गुलाबी पट्टा, त्यात टेकलेला चंद्र, खाली उघडा पडलेला ओला कातळ: हे सगळं एकाच वेळी, एकाच दिशेला. पूर्व किनाऱ्यावर पहाटे कॅमेरा समुद्राकडे वळवला की हा चंद्र पाठीमागे जमिनीवर राहतो.

असे दिवस फार नाहीत. पावसाळा आणि त्याच्या अलीकडचे-पलीकडचे ढगाळ आठवडे वगळले तर उरतात त्या त्रिपुरी पौर्णिमा, दत्तजयंती, शाकंभरी पौर्णिमा, माघी पौर्णिमा आणि होळी. एका हंगामात पाच पहाटा, प्रत्येकीला आगेमागे एक दिवस. आदल्या दिवशी, चतुर्दशीला, चंद्र उजाडण्याआधीच खाली जातो आणि कातळ अंधारात राहतो. प्रतिपदेला तो सूर्योदयाच्या वेळी अजून हातभर वर असतो, ते उंचावलेल्या चौकटीला बरं पडतं. डिसेंबरातला पूर्ण चंद्र नेमका पश्चिमेला मावळत नाही, चांगलाच वायव्येकडे सरकलेला असतो. जागा निवडताना हे लक्षात ठेवलं नाही तर चंद्र नेमका डोंगराच्या सोंडेमागे जातो. दिशा दाखवणारी अ‍ॅप्स आहेत, ती या कामाला उत्तम.

जागेची टेहळणी आदल्या संध्याकाळी करावी. ओहोटी दिवसातून दोनदा येते, म्हणून पहाटे पाचसारखीच ओहोटी आदल्या दुपारी चार-साडेचारलाही असते, दोन्हींच्या पातळीत थोडाफार फरक असला तरी. भरपूर उजेडात, त्याच उघड्या कातळावर हिंडून बघता येतं: कुठे शेवाळ आहे, कुठे घळ आहे, परतीची वाट कुठल्या बाजूने पाण्याखाली जाते. पहाटेच्या अंधारात बॅटरीच्या झोतात यातलं काहीच नीट कळत नाही. टेहळणीच्या वेळी फोनवर साध्या चौकटी काढून ठेवाव्यात. अंधारात कॅमेरा लावताना त्या फार उपयोगी पडतात.

कातळ सगळीकडे सारखा नाही. रायगड आणि रत्नागिरीच्या बऱ्याच भागात तो बेसॉल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ओला झाला की काळाभोर दिसतो आणि उजेड पिऊन टाकतो. गुहागर तालुक्यात हेदवीच्या उमामहेश्वर मंदिराजवळची बामणघळ ही अशाच कातळातली चिंचोळी भेग, भरतीला लाट आत शिरली की पाणी उंच उसळतं. दक्षिणेकडे देवगड-विजयदुर्गच्या बाजूला आणि गोव्यात वागातोर, हणजूणला जांभा भेटतो. जांभ्याला लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये केरळातला दगड बघून दिलं, लॅटिनमध्ये वीट या अर्थाच्या शब्दावरून. लाटांनी खाल्लेला जांभा पोखरलेल्या हाडासारखा दिसतो, आणि पहाटेच्या निळ्या उजेडात त्याचा तांबूसपणा रंगांना चांगली जोड देतो. बेसॉल्टचं बळ आकारात, जांभ्याचं रंगात आणि पोतात. म्हणून हरिहरेश्वरला कृष्णधवल जास्त शोभतं आणि वागातोरला रंगीत, असं निदान या लेखकाचं मत आहे.

उत्तर-दक्षिण हा फरक पाण्याच्या चढउतारातही आहे. मुंबईकडे उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीतलं अंतर चार मीटरच्या घरात जातं, गोव्यापर्यंत येता येता ते दोनेक मीटरवर येतं. त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याला किंवा गोव्यात पाण्याचं रूप सावकाश पालटतं, अलिबाग-मुरुडकडे ते झपाट्याने पालटतं.

सामानाची यादी मोठी नाही. बदलता येण्याजोग्या लेन्सचा कुठलाही कॅमेरा, अगदी दहा-बारा वर्षांपूर्वीचा आणि किट लेन्सचाही, चालतो. खर्च करायचाच असेल तर ट्रायपॉडवर करावा. मधला दांडा वर न काढता तो पुरेसा उंच व्हायला हवा, आणि त्याच्या पायांना रबर काढून अणी लावता येत असतील तर कातळावर पकड चांगली बसते. तिन्ही पाय दगडावर हवेत. एक पाय वाळूच्या खळग्यात असला तर प्रत्येक लाटेबरोबर तो केसभर खचतो आणि मिनिटभराच्या एक्स्पोजरमध्ये तेवढंच पुरतं. बॅग मधल्या आकड्याला टांगावी, पण ती खाली दगडाला टेकलेली असावी. लोंबकळणारी बॅग वाऱ्यावर झुलते आणि तिच्यामुळे होणारा कंप फोटोत दिसतो. त्याशिवाय केबल रिलीज, एक सहा स्टॉपचा आणि एक दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी काळी काच), मऊ सुती कापड, डोक्याला बांधायची लाल उजेडाची बॅटरी. वेळाससारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूवर अंडी घालायला येतात, तिथल्या पुळणीवरून कातळाकडे जाताना पांढरा झोत पेटवूच नये.

एका गोष्टीने अनेकांच्या पहाटा वाया जातात. वातानुकूलित खोलीत रात्रभर गार झालेला कॅमेरा दमट हवेत बाहेर काढला की लेन्सवर आतबाहेर बाष्प धरतं, आणि ते पुसून जात नाही. हा सगळा वेळ निळा उजेड निघून जात असतो. कॅमेऱ्याची बॅग रात्री खोलीबाहेर पडवीत किंवा एसी बंद केलेल्या जागी ठेवावी. ते शक्य नसेल तर निघण्याआधी अर्धा-पाऊण तास बंद बॅग बाहेर काढून ठेवावी.

आता प्रत्यक्ष पहाट. डिसेंबरात उत्तर कोकणात सूर्योदय सातच्या सुमारास होतो. पावणेसहाला कातळावर पोचावं. तेव्हा अजून रात्रच असते, पण चंद्राच्या उजेडात चौकट जुळवता येते आणि डोळे सरावतात. कॅमेरा समपातळीत आणावा, कारण समुद्राचं क्षितिज अर्धा अंश कललेलं असलं तरी चटकन खटकतं. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं हाताची थरथर सावरणारं तंत्र बंद करावं, ट्रायपॉडवर ते उलट थरथर निर्माण करू शकतं. रॉ स्वरूपात, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर कायम. ऑटो ठेवला तर पहाटेचा निळा रंग दुरुस्त करायच्या नादात कॅमेरा तो पुसून टाकतो.

फोकस आधी, फिल्टर नंतर. दहा स्टॉपच्या काचेतून कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही, त्यामुळे काच लावण्यापूर्वीच फोकस करून मॅन्युअलवर टाकावा. किती अंतरावर? साध्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात १८ मिमी आणि एफ ११ असेल तर दीड मीटरवर फोकस केला की पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्वीकारार्ह तीक्ष्ण येतं. फुल फ्रेमवर २४ मिमीला हेच अंतर पावणेदोन मीटर. एफ १६ च्या पुढे जाऊ नये. छिद्र फार लहान झालं की प्रकाशाचं विवर्तन होऊन कातळाचा पोत मऊ पडतो.

एफ ११ आणि आयएसओ १०० धरलं तर निरभ्र पहाटे साधारण असं घडतं. सूर्योदयाआधी वीस-बावीस मिनिटं असताना, कुठलाही फिल्टर न लावता, एक्स्पोजर दीड-दोन मिनिटांच्या घरात निघतं. दहा-बारा मिनिटं उरली की ते आठ-दहा सेकंदांवर आलेलं असतं. सूर्योदयाला जेमतेम एक सेकंद. म्हणजे एवढ्या वेळात उजेड सुमारे शंभरपट होतो, दर साडेतीन मिनिटांना दुप्पट. लाँग एक्स्पोजरसाठी काळ्या काचा हव्यातच असं मानणाऱ्यांनी हा पहिला अर्धा तास अनुभवावा. निसर्गच फिल्टर लावून देतो आणि हळूहळू काढून घेतो.

उजेडाच्या या वाढीचा एक परिणाम हिशेबात धरावा लागतो. बहुतेक कॅमेऱ्यांत ३० सेकंदांपुढचं शटर बल्ब मोडवर, हाताने मोजून द्यावं लागतं. समजा आयएसओ वाढवून चाचणी फोटो काढला आणि त्यावरून चार मिनिटांचं एक्स्पोजर निघालं. ती चार मिनिटं चालू असताना उजेड दुपटीहून जास्त होणार आहे. म्हणून पहाटे चारऐवजी तीन मिनिटं द्यावीत. संध्याकाळी उलट, तिथे मोजलेल्या वेळेपेक्षा जास्त द्यावी लागते. मावळतीच्या सवयीने पहाटेचे फोटो काढणाऱ्यांचं आकाश वारंवार का जळतं, त्याचं कारण हे. फोटो झाल्यावर स्क्रीनवरच्या चित्रावर विश्वास न ठेवता हिस्टोग्राम बघावा. अंधारात स्क्रीन नेहमीच जास्त उजळ भासते आणि फोटो नीट आल्याचं वाटून प्रत्यक्षात कातळ काळा राहतो. ओल्या बेसॉल्टला तर मुद्दाम थोडं जास्तच एक्स्पोजर द्यावं.

कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू असेल तर दोन मिनिटांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी दोन मिनिटं अडकून राहतो, शटर बंद ठेवून दुसरा काळा फोटो काढतो आणि त्यावरून ठिपके वजा करतो. उजेड दर साडेतीन मिनिटांना दुप्पट होत असताना ही दोन मिनिटं फार महाग पडतात. हिवाळ्यातल्या गार पहाटे ती सोय बंद ठेवली तरी बिघडत नाही.

चंद्र चौकटीत घ्यायचा असेल तर नियम बदलतात. आकाशात चंद्र आपल्या स्वतःच्या रुंदीइतकं अंतर सुमारे दोन मिनिटांत सरकतो. दीड मिनिटाच्या एक्स्पोजरमध्ये त्याची लांबट, जळलेली भाकरी होते. म्हणून आधी चंद्र वगळून नुसत्या सावलीच्या पट्ट्यासह पाण्याचे लांब फोटो काढावेत, आणि सूर्योदयाला दहा-बारा मिनिटं उरली की चंद्राकडे वळावं. तेव्हा तो क्षितिजापासून तीनेक अंश वर, गुलाबी पट्ट्यातच असतो, आणि त्याचा उजेड आकाशाशी जुळत आलेला असतो. एफ ८ आणि आयएसओ ४०० केलं की सेकंदभर पुरतं, चंद्र गोल राहतो. लेन्स ७० ते १०० मिमीची असावी. वाइड लेन्समध्ये चंद्र टाचणीच्या टोकाएवढा येतो आणि पाहणाऱ्याला तो सापडतही नाही. क्षितिजावर धुरकं असेल तर चंद्र पाण्याला टेकण्याआधीच विरतो, त्यामुळे शेवटच्या क्षणाची वाट बघत बसू नये.

किती सेकंद द्यावेत, हा प्रश्न उजेडाइतकाच पाण्याच्या स्वभावाचा आहे. पाव ते एक सेकंदात परतणाऱ्या लाटेच्या रेघा उमटतात. पाणी कातळावरून ओसरत असताना, लाट फुटून मागे वळल्याच्या क्षणी शटर दाबलं तर फेसाचे धागे दगडाभोवती वळसा घेताना दिसतात. त्यासाठी आधी पाचसात लाटा नुसत्या मोजाव्यात, गाज ऐकत. पाच-दहा सेकंदांत रेघा एकमेकींत मिसळून दुधट होतात. हा मधला टप्पा सगळ्यात फसवा आहे, धड गती दिसत नाही, धड शांतता नाही. तीस सेकंदांपुढे पाणी धुकं होतं आणि दोन मिनिटांपुढे काच. हरिहरेश्वरच्या सपाट कातळावर, रांजणखळग्यांत साचलेलं स्थिर पाणी पुढे आणि काचेसारखा समुद्र मागे, हे दोन मिनिटांचं चित्र. बामणघळीच्या तोंडाशी मात्र मिनिटभराचं एक्स्पोजर घळीचा सगळा जोर पुसून टाकतं, तिथे अर्धा सेकंदच खरा.

पाणी जितकं गुळगुळीत, तितका कातळ नेमका हवा. सगळंच मऊ झालं की डोळ्याला टेकायला जागा उरत नाही. त्यामुळे चौकटीत एक तरी दगड असा निवडावा ज्याचा आकार स्पष्ट आहे आणि ज्याच्या भोवती सगळीकडून पाणी आहे. क्षितिजाला टेकलेला किंवा चौकटीच्या कडेने अर्धा कापलेला सुळका टाळावा. चौकटीच्या खालच्या कडेला लोंबणारं शेवाळ असेल तर ते पाण्याबरोबर डोलतं आणि धूसर डाग उरतो. दूरवर मासेमारीच्या बोटींचे दिवे असतात, दोन मिनिटांत त्यांच्या रेघा होतात. काहींना त्या आवडत नाहीत. कोकणचा समुद्र रात्रीही राबता असतो हे त्या रेघा सांगतात, म्हणून त्या ठेवाव्यात असं सुचवावंसं वाटतं.

गंमत अशी की समुद्राचे फोटो काढणाऱ्यांची पहिली पिढी याच्या नेमकी उलट धडपडत होती. १८५०च्या दशकातल्या काचेच्या प्लेटा इतक्या मंद होत्या की लाट थांबवणंच अवघड. फ्रान्समध्ये ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५६-५७ मध्ये लाट पकडणारे समुद्राचे फोटो काढले आणि काहींमध्ये आकाश नि पाणी दोन वेगळ्या निगेटिव्हवर घेऊन छपाईत जोडलं. लोकांना नवल वाटलं ते लाट गोठल्याचं. शतकाहून अधिक काळाने, १९५३ मध्ये इंग्लंडात जन्मलेल्या मायकेल केन्ना यांनी लाट वितळवायचं ठरवलं. पहाट आणि रात्र, कृष्णधवल फिल्म, कधी मिनिटांची तर कधी तासन्‌तासांची एक्स्पोजर. जपानातल्या होक्काइदोच्या किनाऱ्यावरची त्यांची चित्रं नवशिक्याने नीट बघावीत: चौकटीत किती कमी वस्तू आहेत आणि त्यातली प्रत्येक किती विचाराने ठेवली आहे, यासाठी.

सूर्य उगवला की पूर्व किनाऱ्यावरचे फोटोग्राफर सामान आवरू लागतात. कोकणात अजून वेळ असतो. किनाऱ्यामागे कडा किंवा सडा असेल तर त्याची सावली कातळावर बराच वेळ राहते, कडा उंच आणि जवळ असेल तर तासभरसुद्धा. या सावलीत उजेड मऊ असतो, पण लांब शटरसाठी जास्त. आता काळ्या काचा बाहेर काढाव्यात. सहा स्टॉपची काच वेळ ६४ पट करते, दहा स्टॉपची सुमारे हजारपट. फिल्टरशिवाय एक अष्टमांश सेकंद निघत असेल तर सहा स्टॉपने आठ सेकंद, दहा स्टॉपने दोन मिनिटांच्या थोडं पुढे. डीएसएलआर असेल तर मागची खिडकी झाकावी, तिथून शिरलेला उजेड लांब एक्स्पोजरमध्ये चित्रावर पट्टा उमटवतो. पोलरायझर ओल्या दगडाची चकाकी कमी करतो आणि खळग्यांतल्या पाण्याचा तळ दाखवतो, पण आकाशावर त्याचा परिणाम सूर्याशी काटकोनात, म्हणजे उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे कॅमेरा वळवल्यावर जास्त दिसतो.

पण याच वेळी पाणी परत येत असतं. पौर्णिमेची ओहोटी पाचला, म्हणजे सातला भरती दोन तासांची झालेली असते. कोळ्यांना माहीत असलेला हिशेब असा की सहा तासांत जेवढं पाणी चढायचं त्याचा बारावा हिस्सा पहिल्या तासात चढतो, दोन हिस्से दुसऱ्यात आणि तीन-तीन हिस्से तिसऱ्या नि चौथ्या तासात. पहिले दोन तास पाणी हललंय असंही वाटत नाही आणि पुढच्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. उजेड सर्वांत सुंदर असतो तेव्हाच पाण्याचा वेग वाढू लागतो. म्हणून समुद्राच्या बाजूचा खालचा कातळ सातला सोडायचा, हे आदल्या दिवशीच ठरवून फोनमध्ये गजर लावून ठेवावा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी न जाण्याच्या सूचना आहेत आणि त्या जीव गेल्यानंतर लावलेल्या आहेत. एकट्याने जाऊ नये. समुद्राकडे पाठ करून कॅमेऱ्याची बॅग आवरत बसू नये. दगड काळा आणि ओला दिसत असेल तर लाट तिथे पोचते असं समजावं, कोरडा आणि पांढुरका असेल तर तिथे उभं राहावं.

पौर्णिमा जमली नाही तरी पहाट वाया जात नाही. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास असते आणि ती भांगाची, म्हणजे कमी चढउताराची. पाणी कातळाच्या पोटापर्यंत आलेलं, पण उगाच उसळत नाही. सुळक्यांभोवती भरलेल्या पाण्याची चित्रं या पहाटे मिळतात, आणि सूर्योदयानंतर पाणी उतरत जातं, त्यामुळे नवशिक्याला हा दिवस जास्त सुरक्षित. अमावास्येला कातळ पौर्णिमेइतकाच उघडा, पण चंद्र नाही, चौकट आदल्या संध्याकाळीच पाठ करून यावं लागतं.

मोबाइलवरही काही साधतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनांच्या प्रो मोडमध्ये ३० सेकंदांपर्यंत शटर मिळतं, आयफोनच्या लाइव्ह फोटोतून लाँग एक्स्पोजरचा परिणाम काढता येतो. फोनला छोटा ट्रायपॉड मात्र हवा. फिल्टर नसलेल्या कॅमेऱ्यालाही एक तोड आहे: एकेका सेकंदाचे तीस-चाळीस फोटो लागोपाठ काढून संगणकावर त्यांची सरासरी घेतली की पाणी तितकंच मऊ होतं आणि नॉइजही कमी होतो.

ओहोटीच्या कातळावर छायाचित्रकार एकटे नसतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात कालवं काढायला बायका खडपात उतरतात, कुणी गरवायला बसलेलं असतं. ते त्यांचं रोजचं काम आहे. चौकट अडते म्हणून त्यांना बाजूला व्हायला सांगू नये. फोटोत घ्यायचं असेल तर विचारावं. खळग्यांत समुद्रफुलं आणि शंख-शिंपले जिवंत असतात, ट्रायपॉडचा पाय ठेवण्याआधी आत बघावं. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग हे संरक्षित किल्ले आहेत, तिथे ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी.

मुक्कामी परतल्यावर फोटो बघायची घाई होते, पण आधी बादलीभर गोडं पाणी घ्यावं. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून त्यात बुडवावेत, सांधे सैल करून हलवावेत आणि सावलीत उभे सुकत ठेवावेत. फिल्टर आणि लेन्सची पुढची काच आधी ओलसर कापडाने टिपावी, कोरडी घासू नये, कारण वाळलेल्या मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. कॅमेऱ्याच्या बॅगेतली वाळू झटकावी, कप्पे उन्हात उघडे टाकावेत. ट्रायपॉडच्या सांध्यांतून दुसऱ्या दिवशीही पांढरी भुकटी पडत असेल तर पुन्हा एकदा गोड्या पाण्यात.